उभारीच्या कवितेवरचे आरोप

स्वतःत होत गेलेला बदल आणि रोजच्या जगण्यातून मिळणारी उभारी या विषयांवर मराठीत सतत कविता लिहिली जाते. शाळेचे वार्षिकांक, दिवाळी अंकांची मागची पाने, तालुक्याची कविसंमेलने, सेवानिवृत्तीचे समारंभ अशा सगळीकडे ती भेटते. जाणकारांच्या वर्तुळात मात्र तिच्याबद्दल एक मत जवळपास ठरून गेले आहे. ही कविता उपदेश करते, लिहिणाऱ्यापलीकडे तिला काही दिसत नाही, तिचा विषय किरकोळ असतो आणि ती चारचौघांना आवडते म्हणजे ती उथळच असणार, असे ते मत. हे मत चुकीचे आहे, आणि ते तपासायला देवगड ते वेंगुर्ला या किनारपट्टीइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. विंदा करंदीकर १९१८ साली देवगड तालुक्यातल्या धालवलीत जन्मले, मंगेश पाडगावकर १९२९ साली वेंगुर्ल्यात, आणि आरती प्रभू या नावाने लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर १९३० साली वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई या गावी. तेव्हा हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. अवघ्या बारा वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या या तिघांनी रोजचे जगणे आणि माणसाचे बदलणे हाच विषय तीन अगदी निराळ्या रीतींनी हाताळला.

आरोप जुना आहे. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' या वादात ना. सी. फडके एका बाजूला आणि वि. स. खांडेकर दुसऱ्या बाजूला उभे राहिले, तेव्हापासून वाचकाला धीर देणारे लेखन हे कलेच्या दृष्टीने दुय्यम, असा समज रूढ होत गेला. या वादाचा एक पाय सिंधुदुर्गात आहे, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत होते. मिठागरांचे गाव, आजूबाजूला गरिबी, १९३० साली तिथेच झालेला मिठाचा सत्याग्रह, आणि वर्गात समोर बसलेली खेड्यातली मुले या वातावरणात त्यांचे लेखन घडले. साहित्याचा माणसाच्या जगण्याशी संबंध असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह पुस्तकांतून उचललेला नव्हता. तो ज्या गावात राहून त्यांनी लिहिले त्या गावातून आला होता. खांडेकरांची भाषा अनेकदा अलंकारांनी जड होते आणि त्यांची सुभाषिते कथेच्या अंगावर येतात, हा आक्षेप रास्त आहे. तो त्यांच्या शैलीवरचा आक्षेप आहे. त्यावरून माणसाला बळ देण्याचा हेतूच कलेला बाधक ठरतो असा निष्कर्ष काढला गेला, आणि तो कवितेच्याही माथी मारला गेला.

कवितेपुरते बोलायचे तर हा निष्कर्ष मराठीच्या इतिहासाला धरून नाही. आत्मपरिवर्तनाची कविता मराठीत नवीन नाही, ती मराठी कवितेचा कणा आहे. तुकोबांच्या गाथेचा मोठा भाग म्हणजे एका संसारी, दुष्काळात पोळलेल्या माणसाने स्वतःत होत गेलेल्या बदलाचा ठेवलेला हिशेब आहे. सिंधुदुर्गाचे उदाहरण सोहिरोबानाथ आंबिये यांचे. १७१४ साली बांद्यात जन्मलेले सोहिरोबा गावचे कुळकर्णी होते. परंपरा सांगते की सावंतवाडी दरबाराचे बोलावणे आल्यावर ते निघाले आणि वाटेत इन्सुलीच्या रानात फणस खायला थांबले असता त्यांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाला. पस्तिशीच्या सुमारास त्यांनी कुळकर्णीपणाचे दप्तर खाली ठेवले आणि पुढचे आयुष्य अध्यात्माला व काव्यरचनेला दिले. 'महदनुभवेश्वरी', 'सिद्धान्तसंहिता', 'अक्षयबोध' हे त्यांचे ग्रंथ. त्यांची पदे कोकणात आणि गोव्यात भजनांत आजही म्हटली जातात. नोकरी सोडून आयुष्याची दिशा बदललेल्या एका माणसाचे बोल अडीचशे वर्षांनंतर दुसऱ्यांच्या तोंडी आहेत, तेव्हा अशी कविता लिहिणाऱ्यापाशीच संपते हे म्हणणे टिकत नाही.

याच किनाऱ्यावरचा आणखी एक पुरावा कवितेच्या पुस्तकांबाहेरचा आहे. जत्रा, शिमगा, देवदिवाळी अशा प्रसंगी ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घातले जाते. गुरव किंवा मानकरी देवाला हाक मारतो आणि एकेक मागणे मांडत जातो. प्रत्येक मागण्यावर जमलेले लोक एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लक्ष देऊन ऐकले तर या मागण्यांची घडण ध्यानात येते. सर्वांचे कल्याण होवो, इतक्यावर गाऱ्हाणे कधी थांबत नाही. मुंबईला गेलेल्या पोराला काम मिळू दे, अमक्याच्या घरातले दुखणे सरू दे, अमकीच्या ओटीत मूल येऊ दे, कोणाचे काही चुकले असेल तर पायाखाली घाल, अशी माणसे आणि अडचणी नावानिशी, घरानिशी घेतल्या जातात. तो 'व्हय' सगळ्या गावाचा असतो, कारण मागणे एका घराचे असते. बदलाची इच्छा उच्चारायची आणि ती दुसऱ्यांनी आपली म्हणून उचलायची, हे काम लोकपरंपरेने इथे फार नेमकेपणाने केले आहे. व्यक्तिगत असणे आणि सार्वजनिक असणे यांत विरोध आहे असे मानणाऱ्या समीक्षेने एकदा तरी या सभामंडपात उभे राहायला हवे.

पाडगावकरांवर या आरोपाचा सगळ्यात मोठा भार पडला. ते लोकप्रिय होते, त्यांची गीते अरुण दाते यांच्या आवाजात आणि यशवंत देव, श्रीनिवास खळे यांच्या चालींत घरोघरी पोचली, आणि जगण्यावर प्रेम करायला सांगणारा कवी ही त्यांची ओळख पक्की झाली. या ओळखीचा उपयोग त्यांना कमी लेखण्यासाठी झाला. त्यांच्या कवितेचा प्रवास मात्र ही ओळख पुरेशी नसल्याचे सांगतो. १९५० सालचा 'धारानृत्य' आणि १९५३ सालचा 'जिप्सी' हे संग्रह निसर्ग, प्रेम आणि भटकेपणाची ओढ यांनी भारलेले आहेत. पुढे वात्रटिका आल्या आणि त्यांत समाजाच्या ढोंगावरचे हसू आले. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी, १९७८ साली, 'सलाम' हा संग्रह आला. त्याला १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच नावाच्या कवितेतला सामान्य माणूस ज्याच्या ज्याच्या हाती ताकद आहे त्या प्रत्येकाला सलाम करत जातो. यादी वाढत जाते तसतशी ती वाचणाऱ्याला ओळखीची वाटू लागते आणि नकोशी होते. आपल्या रोजच्या लाचारीचा हा पाढा वाचून झाल्यावर माणूस पूर्वीसारखा मान खाली घालू शकत नाही. ही परिवर्तनाची कविता आहे. तिच्यात धीराचा एकही शब्द नसला तरी ती बळ देते, कारण भीती नेमकी कुठे कुठे लपलेली आहे हे ती दाखवते.

'सलाम'च्या बारा वर्षांनंतर, १९९० साली, तोच कवी 'बोलगाणी' लिहितो. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तशी ही कविता आहे. साधी वाक्ये, बोलण्याचा ठेका, निराश माणसाला लावलेला हात. टीकाकारांनी या संग्रहाकडे उताराचा पुरावा म्हणून पाहिले. पण ज्याने 'सलाम'मधली भीती पाहिली आहे त्याने दिलेला धीर आणि ज्याने काहीच पाहिलेले नाही त्याने दिलेला धीर यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पाडगावकरांनी खूप लिहिले आणि त्यातले काही पातळ आहे, हे मान्य करायला हरकत नाही. सहा दशके लिहिणाऱ्या कुठल्याही कवीबद्दल ते खरे असेल. त्यांची उत्तम कविता आणि त्यांची सवयीने आलेली कविता वेगळी करणे हे समीक्षेचे काम होते. ते टाळून विषयालाच दोषी धरले गेले.

लोकप्रियतेचा मुद्दाही इथेच निकालात काढला पाहिजे. पाडगावकर, विंदा आणि वसंत बापट यांनी एकत्र कवितावाचनाचे कार्यक्रम करत महाराष्ट्रभर कविता ऐकवली. श्रोत्यांसमोर उभे राहून वाचताना कवितेला लगेच समजण्याची अट पडते, आणि ती अट कवितेला हलकी करते असे समजले जाते. पण सोहिरोबांची पदे, तुकोबांचे अभंग, बहिणाबाईंच्या ओव्या ही सगळी कानाने पोचलेली कविता आहे. बहिणाबाई चौधरी यांची कविता १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. ती रचताना जाते, चूल, शेत, सुगरणीचा खोपा अशा रोजच्याच गोष्टी त्यांच्या हाताशी होत्या. रोजच्या वस्तूंतून जगण्याविषयीची जाण निघते, ती ऐकताक्षणी समजते आणि तरीही वर्षानुवर्षे पुरते, याला याहून मोठा दाखला नको.

विषय किरकोळ असल्याचा आरोप विंदांच्या कवितेपुढे उभाच राहत नाही. १९४९ सालच्या 'स्वेदगंगा'त श्रमिकांच्या लढ्याचा आवेश आहे, तर २००३ सालच्या 'अष्टदर्शने'त आठ तत्त्वज्ञांशी केलेला संवाद आहे. या दोन टोकांच्या मधल्या पन्नासेक वर्षांत विंदांनी जो माणूस सतत पाहिला तो रोज तेच जगणारा माणूस. 'तेच ते' या कवितेत कंटाळा हाच विषय आहे. पुनरावृत्तीचे यंत्र त्यांनी कवितेच्या लयीतच बसवले, त्यामुळे कंटाळ्याचे वर्णन वाचण्याऐवजी वाचक त्या कंटाळ्यातून जातो. तिथून बाहेर पडण्याची इच्छा कवितेने सांगावी लागत नाही, ती वाचणाऱ्यात तयार होते. याच कवीने अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र १९५७ साली मराठीत आणले. त्या ग्रंथात शोकांतिकेचे सर्वांत प्रभावी भाग म्हणून ज्या दोन गोष्टी सांगितल्या आहेत त्या म्हणजे दशेचा पालट आणि अज्ञानातून ज्ञानाकडे जाणे. पाश्चात्त्य काव्यविचाराच्या आरंभीच माणसातला बदल असा मध्यभागी ठेवलेला आहे. तो राजाचा असला की वाङ्मय आणि कारकुनाचा असला की सुविचार, हा भेद नंतरच्यांनी केला.

आता आरती प्रभूंकडे. उभारीच्या कवितेला नाकारणारे त्यांना हमखास आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करतात. त्यांच्या कवितेत काळोख आहे, अपुरेपण आहे, न सुटणारी कोडी आहेत, म्हणून ती खोल, असा तो युक्तिवाद. खानोलकरांचे आयुष्य खडतर होते. कुडाळला खानावळ चालवून घर भागवायचे, ती नीट चालायची नाही, आणि पुढे पोटासाठी मुंबई गाठायची, हा त्या काळच्या कोकणातल्या कितीतरी घरांचा क्रम त्यांच्याही वाट्याला आला. पण त्यांच्या संग्रहांची नावे वाचली तरी ही साक्ष उलटते. १९५९ सालचा 'जोगवा' आणि १९६२ सालचा 'दिवेलागण'. एक देवीच्या नावाने दारोदार मागितलेले दान, दुसरी तिन्हीसांजेला प्रत्येक घरात होणारी क्रिया. वेंगुर्ले-कुडाळच्या घरांत जे रोज घडते त्यातूनच त्यांची गूढता उगवते. ती अंधारातून येते म्हणून मोठी, आणि पाडगावकरांची उजेडातून येते म्हणून लहान, असे ठरवणे म्हणजे कवितेऐवजी कवीच्या स्वभावाची परीक्षा घेणे. 'नक्षत्रांचे देणे' या १९७५ सालच्या संग्रहासाठी त्यांना मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात हरलेपणाबरोबर कृतज्ञताही आहे, आणि तिला बाजूला सारून आरती प्रभूंचे वाचन पुरे होत नाही.

आरोपात एक गोष्ट मात्र खरी आहे. या विषयांवरची बहुतेक कविता कमकुवत असते. तिचे कारण विषयात नाही, रचनेच्या क्रमात आहे. लिहिणारा शेवट आधी ठरवतो. आपण बदललो, जिंकलो, उठून उभे राहिलो, हे त्याला माहीत असते आणि पहिल्या ओळीपासून तो तेच जाहीर करत सुटतो. मग आकाश, पंख, वादळ, दीपस्तंभ, पहाट हे तयार शब्द धावून येतात, कारण जाहीर करायला तेवढे पुरतात. बदल कसा घडला, कुठे अडला, त्याची किंमत कोणी दिली, हे सांगायला ते कामाचे नसतात. मालवणच्या किनाऱ्यावर दीपस्तंभ ही रोज रात्री दिसणारी, खलाशाला खडकांपासून वाचवणारी खरी वस्तू आहे. तरीही तिथल्या नवकवीच्या ओळीत ती आली की बहुधा पाठ्यपुस्तकातून उचललेली वाटते, हे क्रम चुकल्याचे लक्षण होय.

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात गेल्या काही दशकांत जो बदल झाला त्यावरून हे स्पष्ट होईल. रापण ओढून आणि मासे विकून चालणाऱ्या घरांनी पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. समजा, अशा एका घरातली बाई आपल्यातल्या बदलावर कविता लिहायला बसली. पहिल्या खर्ड्यात ती लिहील की तिने भीतीवर मात केली, उंबरठा ओलांडला, स्वप्नांना पंख दिले. यातला एकही शब्द खोटा नाही आणि एकही शब्द तिचा नाही. आता त्याच बाईने पहिल्या पाहुण्याचा प्रसंग घेतला तर? पाहुण्याने खळ्यात उभ्या उभ्या खोलीचे भाडे विचारले. तिने मनात ठरवलेला आकडा तोंडातून निघेना. ती शंभर रुपये कमी बोलली, आणि पाहुण्याने एका शब्दाने घासाघीस न करता मान डोलावली. रात्री भांडी घासताना ते शंभर रुपये तिच्या डोक्यातून जाईनात. टोपली घेऊन बाजारात बसायची तेव्हा सुरमईच्या तुकडीवर ती पाच रुपये सोडत नसे, मग स्वतःच्या घराचा भाव सांगताना जीभ का अडली? दुसऱ्या दिवशी तिने पडवीतल्या काळ्या फळ्यावर खडूने भाडे लिहिले, ठरवले होते तेवढे. आकडा ठळक केला, एकदा पुसून पुन्हा लिहिला. बदल त्या पुसलेल्या आणि पुन्हा लिहिलेल्या आकड्यात आहे. कविता तिथे थांबली तरी चालेल. वाचणाऱ्याला आत्मविश्वास हा शब्द लागणार नाही, आणि त्याच्या स्वतःच्या आयुष्यातला अडलेला आकडा त्याला आठवेल.

उपदेशाच्या आरोपाचे उत्तरही याच क्रमात दडले आहे. उपदेश कवितेत वर्ज्य असता तर रिल्के या जर्मन भाषेतल्या कवीचे अपोलोच्या भग्न पुतळ्यावरचे १९०८ सालचे सुनीत जगाने कधीच बाजूला टाकले असते. त्याच्या शेवटच्या ओळीत वाचकाला आयुष्य बदलण्याची सरळ आज्ञा आहे. तरी ती आज्ञा झोंबते, पटते, कारण आधीच्या तेरा ओळी एका मुंडके नसलेल्या दगडाकडे इतक्या एकाग्रतेने पाहतात की शेवटी वाचकच पाहिला जाऊ लागतो. आज्ञा देण्याचा अधिकार त्या पाहण्याने मिळवलेला आहे. इंग्रजी कवी वर्डस्वर्थने 'लिरिकल बॅलड्स'च्या १८०० सालच्या प्रस्तावनेत सामान्य जीवनातले प्रसंग आणि माणसांची खरी बोली यांची बाजू घेतली, तेव्हा त्यालाही हलकेपणाचे आरोप सोसावे लागले होते.

खऱ्या बोलीचा हा मुद्दा सिंधुदुर्गात अधिकच निकडीचा आहे. इथला लिहिणारा घरात मालवणी बोलतो आणि कविता प्रमाण मराठीत लिहितो. बदलाचा अनुभव त्याला एका भाषेत येतो आणि कागदावर दुसऱ्या भाषेत उतरतो. या प्रवासात अनुभवाचे बारकावे गळतात आणि तयार शब्द त्यांची जागा घेतात. उभारीची कविता साचेबद्ध होण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. त्यावर असे म्हटले जाते की मालवणी ही विनोदाची बोली, तिच्यात गंभीर आत्मकथन शोभत नाही. गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण'ने आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने मालवणीला महाराष्ट्रभर आणि महाराष्ट्राबाहेर मान मिळवून दिला, पण त्याच यशाने तिच्यावर विनोदाचा शिक्काही बसला. शिक्का मारणारे हे विसरतात की याच बोलीत गाऱ्हाणे घातले जाते, मयताच्या घरी धीर दिला जातो, मुंबईला निघालेल्या मुलाला निरोप दिला जातो. कणकवलीचे कवी अजय कांडर यांनी आपल्या दीर्घकवितेला 'हत्ती इलो' हे नाव दिले. महेश केळुसकर यांनी मालवणी कविता मंचावर आणि आकाशवाणीवर ताठ मानेने उभी केली. या वाटेने गेलेल्याला पंख आणि पहाट उसनी आणावी लागत नाही.

कविसंमेलनातले परीक्षक, दिवाळी अंकांचे संपादक आणि शाळेतले भाषाशिक्षक यांच्यासमोर अशा कवितांचा ढीग असतो. 'प्रेरणादायी' हा शेरा मारून एखादी कविता बाजूला ठेवणे सोपे आहे, आणि तोच शेरा मारून बक्षीस देणेही तितकेच सोपे आहे. दोन्हीत कविता वाचली गेलेली नसते. लिहिणाऱ्याला परत काय सांगायचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी हातात घेतलेल्या कवितेला काही साध्या गोष्टी विचाराव्या लागतात. बदलाच्या आधीचा माणूस यात दिसतो का? बदल ज्या क्षणी झाला तो क्षण पानावर आहे, की त्याची फक्त बातमी आहे? त्या बदलाने घरातल्या दुसऱ्या कोणाचे काही हलले का, कोणाला काही सोसावे लागले का? यातला कुठला शब्द लिहिणाऱ्याच्या घरात बोलला जातो? या प्रश्नांना उतरलेली कविता हसरी असो वा काळवंडलेली, तिला पुढच्या पानावर जागा द्यावी. जी उतरत नाही ती परत पाठवताना विषय बदला असे न सांगता, पहिल्या पाहुण्याने भाडे विचारले तेव्हा नेमके काय झाले, ते लिहा, असे सांगावे.